जावयाच्या अपघाती मृत्यूची भरपाई सासूला मागता येते का?

प्रश्न: माझे पती ट्रकच्या धडकेत वारले. वय 38, खासगी कंपनीत कायम नोकरी, पगार 30,000 रुपये. मागे मी, मुलगा आणि सासूबाई आहोत. माझी विधवा आई 6 वर्षं आमच्याकडेच राहते, मुलाला तीच सांभाळते. ती वारस नाही, तिचं नाव अर्जात नको, असं दीर म्हणतात. काय करावं?

उत्तर: नाव घालाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली अर्ज ‘कायदेशीर प्रतिनिधी’ करतात, आणि सर्वोच्च न्यायालय या शब्दाचा अर्थ व्यापक घेतं. केरळमधल्या एका दाव्यात 2021 साली जावयाकडे राहणाऱ्या, त्याच्यावरच अवलंबून असलेल्या सासूलाही न्यायालयाने त्यात धरलं.

नाव गाळलं तर तुमचंच नुकसान आहे. वय 40 च्या आत आणि नोकरी कायम, म्हणून पगारात 50 टक्के वाढ धरतात: 45,000. त्यातून मृताचा स्वतःचा खर्च वजा होतो. अवलंबून माणसं 2 ते 3 असली तर एक तृतीयांश, 4 ते 6 असली तर एक चतुर्थांश. उरलेली रक्कम वर्षाची करून तिला गुणकाने, म्हणजे वयावर ठरलेल्या आकड्याने, गुणतात; वय 38 ला गुणक 15. तिघांचा हिशेब 54 लाखांवर थांबतो. आई धरून चौघांचा 60 लाख 75 हजार होतो.

सहवास गमावल्याची रक्कम वेगळी: पत्नी, मूल आणि मृताची आई यांना प्रत्येकी मूळ 40,000, त्यात दर 3 वर्षांनी 10 टक्के वाढ. तुमच्या आईसाठी ती धरू नका.

विमा कंपनी बोट ठेवेल ते पुराव्यावर. आई तुमच्याच पत्त्यावर राहते हे रेशनकार्ड, आधार, बँक पासबुकावरून दिसायला हवं. तिला पेन्शन किंवा भाडं मिळत असेल तर लपवू नका. उलटतपासणीत ते बाहेर आलं की तुमच्या साक्षीवरचाही विश्वास उडतो. कमावत्या दिराला सहसा अवलंबून धरत नाहीत. पगारी सांभाळणाऱ्या बाईंना तर हा हक्कच नाही.

हे सगळं वाहन अपघातापुरतं. इतर निष्काळजीपणाच्या मृत्यूला 1855 चा प्राणघातक अपघात कायदा लागतो. त्यात पती, पत्नी, आईवडील (आजीआजोबांसह) आणि मुलं-नातवंडंच बसतात, सासू नाही.

अर्ज तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही चालतो. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, पगारपत्रकं जोडा. कायद्यातली मुदत अपघातापासून 6 महिन्यांची आहे, म्हणून दिरांशी वाद मिटायची वाट पाहू नका.