रिअल अ‍ॅनालिसिसचा कोर्स सोडू की रेटू?

तुम्ही लिहिलंय की पहिल्या चाचणीत जेमतेम मार्क पडले, वर्गात फळ्यावरची सिद्धता पटते पण घरी गृहपाठाला बसलं की पहिली ओळसुद्धा सुचत नाही, आणि कोर्स सोडायची मुदत तोंडावर आली आहे. मी हाच विषय, म्हणजे कॅल्क्युलसच्या मुळाशी असलेलं काटेकोर सिद्धतांचं गणित, शिकवते, आणि असे विद्यार्थी मला दर सत्रात भेटतात. एका चाचणीच्या मार्कांवरून ठरवू नका. घोडं नेमकं कुठे अडलंय ते आधी शोधा.

त्यासाठी वही मिटून कोऱ्या कागदावर लिहा: सिक्वेन्सची, म्हणजे ओळीने येणाऱ्या संख्यांच्या न संपणाऱ्या यादीची, लिमिट म्हणजे काय? 'जवळजवळ जात राहते' हे चालणार नाही, काटेकोर व्याख्या हवी. ती जमली तर त्याच व्याख्येचा नकार लिहा, म्हणजे 'ही संख्या या सिक्वेन्सची लिमिट नाही' याचा अर्थ काय ते. उत्तर असं यायला हवं: असा एक एप्सिलॉन (शून्याहून मोठी संख्या) असतो की कुठलाही एन (पदाचा क्रमांक) घेतला तरी त्याच्यापुढे सिक्वेन्सचं एखादं तरी पद त्या संख्येपासून निदान एप्सिलॉनइतकं दूर असतं. बहुतेकांची गाडी इथेच अडते, आणि त्याचा हुशारीशी काही संबंध नाही. 'प्रत्येक' आणि 'असा एक असतो' हे शब्द कुठल्या क्रमाने येतात यावर या विषयात सगळं उभं आहे, आणि शाळा-कॉलेजात तो क्रम आपल्याला कुणी कधी बघायला लावलेलाच नसतो.

हा क्रम किती महत्त्वाचा आहे ते बघा. ० ते १ मधली एक संख्या घ्या आणि तिचे घात वाढवत न्या. संख्या १ पेक्षा लहान असेल तर घात शून्याकडे जातात. पण ०.०१ च्या खाली यायला ०.९ ला ४४ वा घात लागतो, तर ०.९९ ला ४५९ वा. १ च्या जितकं जवळ जाल तितका हा आकडा फुगतो, सगळ्यांना पुरेल असा एकच आकडा मिळतच नाही. आधी बिंदू निवडून मग एन शोधणं आणि आधी एन ठरवून तो सगळ्या बिंदूंना लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोशीसारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानेही १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात मांडलं होतं की कंटिन्युअस (आलेख कुठे तुटत नाही अशा) फंक्शन्सची अभिसारी (जिची बेरीज ठरावीक उत्तराकडे जाते अशी) मालिका घेतली तर तिची बेरीजही कंटिन्युअसच असते. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञाने याला अपवाद दाखवला. त्यामुळे युनिफॉर्म कन्व्हर्जन्स, म्हणजे सगळ्या बिंदूंना एकच एन पुरणं, पहिल्या वाचनात डोक्यावरून गेलं म्हणून गणित आपलं नाही असं कृपा करून ठरवू नका.

तर, अडचण फक्त या भाषेची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सोडू नका. रोज एक व्याख्या, तिचा नकार आणि ती पाळणारं व न पाळणारं एकेक उदाहरण स्वतःच्या हाताने लिहा. फळ्यावरची सिद्धता घरी न बघता पुन्हा उभी करा, अडलात तर फक्त पुढची एक ओळ बघा. याने फरक पडताना मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पण असमानता हाताळताना, केवल मूल्य (अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू) सोडवताना किंवा विरोधाभासाने सिद्धता लिहितानाच हात थरथरत असेल, तर सोडा. सिद्धतालेखनाचा प्राथमिक कोर्स आधी करा आणि मग परत या. वर्ष फुकट गेलं असं वाटेल, पण कच्च्या पायावर कसाबसा पास होऊन पुढे टोपॉलॉजीच्या वर्गात बसणं जास्त त्रासाचं असतं. वेळेचंही तसंच. नोकरी किंवा आणखी तीन जड विषय अंगावर असतील आणि या विषयाला रोज दीड-दोन तास सलग मिळणारच नसतील, तर नुसत्या जिद्दीवर हा कोर्स निघत नाही.

मुदतीआधी दोन कामं करा. कोर्स सोडल्यावर किमान क्रेडिट, शिष्यवृत्ती आणि गुणपत्रिकेवर काय परिणाम होतो ते कार्यालयातून लेखी घ्या, कारण मित्रांच्या ऐकीव माहितीवर इथे फार लोक फसतात. आणि शिक्षकांना भेटायला जाताना चाचणीचा पेपर आणि अर्धवट राहिलेली एक सिद्धता बरोबर न्या. 'मला जमेल का?' असं विचारलंत तर ते धीर देतील, एवढंच. त्याऐवजी ती सिद्धता पुढे ठेवून विचारा, 'मी इथपर्यंत पोचलो, इथून पुढे सुचत नाही. या घडीला एवढंच येणारी मुलं तुमच्या वर्गात साधारण कुठे पोचतात?'