संगीतकार हेंडेलवर तलवार उपसणारा योहान माटेझोन कोण होता? भांडण सोडलं तर त्याचं काही काम आहे का?

तो गायक, संगीतकार आणि संगीतावर लिहिणारा लेखक. काम भरपूर आहे, पण सुरुवात त्या भांडणापासूनच करतो, कारण माणूस तिथेच कळतो.

जर्मनीतलं हॅम्बुर्ग, 5 डिसेंबर 1704. माटेझोनच्याच 'क्लिओपात्रा' ऑपेराचा प्रयोग. अँटनीची भूमिका तोच करायचा. अँटनी मेला की अर्धा तास उरायचा. तेवढ्यात हा खाली उतरून हार्प्सिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) बसायचा आणि उरलेला प्रयोग स्वतः चालवायचा. त्या रात्री तिथे बसलेल्या हेंडेलने जागाच सोडली नाही. माटेझोन 23 वर्षांचा, हेंडेल 19 चा. बाहेर गेन्झेमार्क्ट चौकात बघ्यांच्या गर्दीत तलवारी निघाल्या. हेंडेलच्या कोटाच्या धातूच्या गुंडीवर माटेझोनचं पातं मोडलं, म्हणून तो वाचला. (ही हकीकत खुद्द माटेझोनची, तेव्हा थोडी फोडणी असणारच.) महिनाभरात दोघे पुन्हा एका ताटात जेवले आणि हेंडेलच्या 'अल्मिरा' ऑपेरात माटेझोन गायलाही.

रंगमंचावर मेल्यावरही खुर्ची मागणारा हा माणूस पुढे लिहायला बसला, तेव्हा काय होणार ते उघड आहे. पोटापाण्याला इंग्रज राजदूताचा चिटणीस, काही वर्षं हॅम्बुर्ग कॅथेड्रलचा संगीतप्रमुख, आणि हातात सतत लेखणी. 1722 मध्ये त्याने 'क्रिटिका म्युझिका' काढलं, ते जर्मनीतलं पहिलं संगीत-नियतकालिक मानतात. त्यात संगीतकार बाखच्या एका कँटाटाची (गायक आणि वाद्यांसाठीची रचना) त्याने खिल्ली उडवली: गायकवृंद 'मी, मी, मी' करत एकच ओळ कितीदा घोळवतो, ते त्याने शब्दन् शब्द छापून दाखवलं. आपला बडा ख्याल ऐकला असता तर बिचाऱ्याचं काय झालं असतं! पण 1717 मध्ये बाखचं नाव पहिल्यांदा छापून कौतुक करणाराही हाच, हे विसरू नका.

1713 च्या पुस्तकात त्याने कोणत्या स्केलचा (पाश्चात्त्य स्वरसप्तकाचा) स्वभाव काय ते लिहिलंय. डी मेजर जरा तिखट, हट्टी, रणभेरीला शोभणारा. राग-रसाची सवय असलेल्या आपल्याला हे लगेच पटतं, पण ती त्याची स्वतःची मतं होती, सर्वमान्य शास्त्र नव्हे. वाचायचंच असेल तर 1739 चा 'डेर फोल्कोमेने कापेलमायस्टर' ('परिपूर्ण संगीतप्रमुख') हा ग्रंथ घ्या. चाल कशी रचावी, ती भाषणासारखी कशी उलगडावी, हे त्यात तो रंगमंचावर उभं राहिलेल्या माणसाच्या नजरेने सांगतो. जाडजूड आहे, माझं अजून पूर्ण वाचून झालेलं नाही. 1740 च्या पुस्तकात 149 संगीतकारांची चरित्रं आहेत, त्यासाठी अनेकांना पत्रं पाठवून माहिती मागवली होती. हेंडेलने काही धाडलं नाही, म्हणून त्याचं चरित्र यानेच लिहून टाकलं. बाख त्यात नाही.

तोवर त्याला जवळपास ऐकू येईनासं झालं होतं. तरी तो 1764 पर्यंत जगला, आणि हॅम्बुर्गच्या मिखाएलिस चर्चच्या नव्या ऑर्गनसाठी 44,000 मार्क ठेवून गेला. त्याच चर्चच्या तळघरात त्याला पुरलं. अंत्यविधीचं संगीतही त्याने स्वतःच रचून ठेवलं होतं. ते वाजवून घेतलं संगीतकार टेलेमानने.