आधी कागद, मग घरच्यांशी बोलणं

प्रिय बाळा,

सीईटीचे मार्क चांगले आले आणि घरात मात्र ‘परगावी कशाला, इथंच बी.ए. कर’ सुरू झालंय, हे वाचून वाईट वाटलं. भांडू नकोस. आधी नकारामागे पैसा आहे की भीती, ते ओळख. बहुतेक घरांत बोलतात पैशाचं, मनात असते भीती.

पैशाचं बरंचसं उत्तर तुझ्याकडे आहे. 2024-25 पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आधी निम्मीच होती. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर ही सवलत नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, जात वैधता, सगळं आत्ताच मार्गी लाव. वैधता सर्वांत जास्त वेळ खाते. शाळेच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघ. आईच्या नावातल्या एका वेलांटीपायी मुली सेतूच्या रांगेत दिवसचे दिवस घालवतात.

वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च उरतोच, आणि मुलींचं शिक्षण अडतं ते इथेच. मुलीसाठी पै न् पैचा हिशेब होतो, मुलासाठी कर्ज काढायलाही कोणी मागेपुढे पाहत नाही. भावासाठी जी तयारी आहे ती माझ्यासाठी का नाही, हे शांतपणे पण नक्की विचार. यात उर्मटपणा काही नाही. महिन्याचा खर्च कागदावर मांडून मगच विचार.

भीती अशी कागदाने जात नाही. वडिलांना वसतिगृह दाखवायला ने, रेक्टरबाईंशी बोलू दे, तिथे राहणाऱ्या एखाद्या मुलीशी गाठ घालून दे. आईलाही ने. ‘लोक काय म्हणतील’ हे शेवटी तिलाच ऐकून घ्यावं लागतं, तिच्याकडे उत्तर असायला हवं.

‘लग्नानंतर शिक’ या शब्दावर विसंबू नकोस. तो पाळलेला मी फार कमी पाहिलाय.

आणि केवळ जवळ आहे म्हणून नको असलेलं कॉलेज कॅपच्या यादीत पहिल्या पसंतीला टाकू नकोस. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. यादी भरण्याआधी मला दाखव. वडिलांशी मी बोलावं असं वाटलं, तर तेही कळव.

तुझी,
मॅडम