दसरा की डिसेंबर?

प्रश्न: घरची पहिली गाडी घ्यायचीय, आठ-नऊ लाखांतली पेट्रोल. आई म्हणते दसऱ्यालाच आणा, मेव्हणा म्हणतो डिसेंबरपर्यंत थांबा, तेव्हा डीलर पाया पडून गाडी देतात. कोणाचं ऐकू? – एक वाचक, सांगली

उत्तर: मेव्हणा खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतोय. डिसेंबरात सूट मिळते कारण १ जानेवारी उजाडली की यार्डात उभी असलेली गाडी एका रात्रीत मागच्या वर्षीची होते, म्हणून डीलरला ती आधी काढायची असते. पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, गाडी बनली तो महिना आणि वर्ष छापलेलं असतं, तीन-चार वर्षांनी विकायला काढलीत की समोरचा आधी तेच बघणार आणि तुमची सूट तिथेच वळती करून घेणार. दहा-बारा वर्षं वापरायची असेल तर खुशाल घ्या डिसेंबरात.

मला विचाराल तर भाव करायला पितृपक्षासारखा काळ नाही! शोरूम रिकामं, सेल्समन स्वतःहून चहा विचारतो आणि मॅनेजरला बोलायला वेळ असतो. तेव्हा दर ठरवा, टोकन द्या आणि बिल-डिलिव्हरी दसऱ्याची मागा, आई पण खूश. फक्त स्कीम बहुतेकदा महिन्यापुरती असते, सप्टेंबरची सूट ऑक्टोबरच्या बिलावर मिळणार का हे लेखी घ्या, तोंडी 'करू ना साहेब' चालणार नाही. (२०२५ ला तर पितृपक्ष पाळणाऱ्यांची चांदीच झाली, २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच दिवशी छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. असं दरवर्षी होत नाही म्हणा.)

रोड टॅक्सला मुहूर्त नसतो, १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के, कधीही घ्या. घासाघीस एक्स-शोरूमवर (म्हणजे रोड टॅक्स, इन्शुरन्स धरायच्या आधीच्या किमतीवर) आणि ॲक्सेसरीजवर करा, इन्शुरन्सचं बाहेरून कोटेशन आणा म्हणजे डीलरचा आकडा आपोआप खाली येतो, आणि गाडी आणण्या-ठेवण्याच्या नावाखाली हँडलिंग चार्जेस लावले असतील तर सरळ काट मारायला सांगा.

आता दसऱ्याचा अनुभव. आम्ही त्याच दिवशी गाडी आणली, शोरूमबाहेर जत्रा, हार, पेढे, चाकाखाली लिंबं, पुढचा गिऱ्हाईक मागे उभा, त्यामुळे गाडी बघायचीच राहिली. घरी येऊन डिकी उघडली तर जॅक नाही, मागच्या दारावर चरा, आणि फोन केला तर 'डिलिव्हरीच्या वेळी बोलायचं होतं'. म्हणून पासिंगच्या (आरटीओतल्या नोंदणीच्या) आधीच यार्डात जा, भर उन्हात, गाडी चारी बाजूंनी बघा, स्टेपनीसुद्धा, आणि चॅसी नंबरचा फोटो काढून ठेवा, नाहीतर तुम्ही बघून पसंत केलेली गाडी भलत्याच्या दारात आणि त्याची तुमच्या.