आधी जुना डोंगा, मग नवं खोड

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

डोंग्यासाठी, म्हणजे एकाच खोडातून कोरायच्या होडीसाठी, सागाचं खोड कुठं मिळेल, एवढंच तू विचारलंस. ते सांगतोच, पण माझं ऐकशील तर पहिलं वर्षभर खोडाचं नावही काढू नको. तलावाकाठच्या कोणत्याही ढिवर (मासेमार) मोहल्ल्यात एखादा जुना डोंगा पालथा पडलेला असतो. शिंगाडे काढायला बरेच जण आता हवा भरलेल्या ट्यूबवर बसतात, त्यामुळे मागितलास तर सहसा कोणी नाही म्हणणार नाही. तो घरी आण.

दोन ओंडक्यांवर टेकवून त्यात काठोकाठ पाणी भर आणि खाली वाकून बघत बस. जिथून थेंब गळेल तिथं खडूनं खूण कर. बहुतेक खुणा टोकांजवळ येतील. आडवं कापलेलं लाकूड तिथं उघडं पडलेलं असतं, त्यातून ओल झपाट्यानं उडते. मधलं लाकूड मात्र ओलंच राहतं. या ओढाताणीत टोक तडकतं. म्हणून खोड पाडल्याबरोबर दोन्ही टोकांना शेणमाती थापायची आणि कोरताना टोकं जाड सोडायची. मग काठावर चाकूचं टोक दाबून बघ. सालीखालचं पांढरं लाकूड राहून गेलं असेल तिथं पातं सहज आत जाईल, आतल्या तपकिरी लाकडात जाणार नाही. साग टिकतो तो त्या आतल्या लाकडामुळे. पांढऱ्याला कीडही लागते नि कुजही.

चिरेत नुसतं डांबर ओतून भागवू नको. आधी सुतळी किंवा काथ्या बोथट पटाशीनं ठोकून बसव, त्यावर डांबर. पत्र्याचं ठिगळ सगळ्यात शेवटी, तेही नाइलाज असेल तरच, कारण त्याखाली पाणी साचून लाकूड गुपचूप कुजतं.

आता खोड. जंगलातलं झाड तोडायचा विचार मनात आणू नको. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू, मोहफुलं, तेंदूपानं अशा गौण वनोपजावर हक्क दिला, इमारती लाकडावर नाही. स्वतःच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) साग, मोह, आंबा पाडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. सागाचा लिलाव बल्लारशाच्या डेपोत होतो, पण डोंग्याजोगा घेर असलेल्या खोडाची बोली तुझ्यामाझ्या खिशाबाहेर जाते. पहिल्या डोंग्याला आंबा किंवा काटेसावर घे. मऊ लाकूड, वाकस (आडव्या पात्याचं तासायचं हत्यार) छान चालतो. चार-पाच वर्षांत कुजेल, कुजू दे.

खोड ओलं असतानाच कोरायचं. वाळलं की दगड होतं, शिवाय आत गाभा, म्हणजे खोडाचा अगदी मधला भाग, तसाच राहिला तर त्याच्यापासून बाहेरच्या बाजूला चिरा धावतात. गाभा लवकर निघून गेला की ताण सुटतो. कोरण्याआधी खोड पाण्यात सोडून बघ, जड बाजू आपोआप खाली वळते. तोच तळ. (ओल्या सागावर हे चालत नाही, तो बुडतो. ब्रह्मदेशात उभ्या झाडाच्या बुंध्याची साल गोल काढून ते वाळवत आणि मगच नदीत सोडत, ते यासाठीच.)

सगळे नवशिके आधी आतून पोखरायला धावतात. तू बाहेरचा आकार पुरा केल्याशिवाय आत हात घालू नको. बाहेरून तासून झालं की तळाला दोन इंच आणि भिंतीला एक इंच खोल अशी गिरमिटानं छिद्रं पाड, वीतभर अंतरानं. त्यांत तेवढ्याच लांबीच्या, वाळलेल्या काळपट लाकडाच्या खुंट्या ठोक. मग आतून तासत जा. खुंटीचं काळं टोक दिसलं की वाकस थांबवायचा, तेवढीच तिथली जाडी. खुंट्या काढायच्या नाहीत, पाण्यानं फुगून त्या छिद्र बंद करतात. तळ जाड आणि भिंती पातळ का, तर वजन खाली राहिलं की डोंगा कमी कलंडतो.

एस्टोनियाच्या सोमा भागात एकाच खोडाची होडी करताना अशाच खुंट्या वापरतात. तिथं पुढे होडीला विस्तवाची आच आणि पाणी देऊन भिंती बाहेर ताणतात, म्हणजे ती खोडापेक्षा रुंद होते. ही कला २०२१ मध्ये युनेस्कोच्या तातडीनं जपण्याच्या यादीत गेली. त्याचे व्हिडिओ बघून तू आपल्या खोडावर जाळ करशील म्हणून आधीच सांगतो, ते अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाचं मऊ लाकूड आणि भिंत बोटाएवढी पातळ. आपला डोंगा खोडाएवढाच रुंद राहतो. जास्त वजन न्यायचं तर इंद्रावती नदीकडचे लोक दोन डोंगे शेजारी बांधून वर मोटरसायकल चढवतात.

उन्हाळ्यात डोंगा उन्हात ठेवशील तर वैशाखात फाटेल. दगड भरून तलावात बुडवून ठेव. तलाव आटला तर सावलीत पालथा, वर ओली पोती.

खडूच्या खुणांचे फोटो पाठव, तळाचेही. वाकस मात्र बाजारातून घेऊ नको. ट्रकचा जुना कमानपाटा मिळव आणि लोहाराकडून घडवून घे. पातं थोडं आत वळलेलं हवं, असं त्याला सांग. सरळ पात्यानं तळाचा गोल भाग निघत नाही.

तुझा,
काका