आधी प्रकार, मग बंदूक : वाचकांचे नेमबाजीविषयक प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये विद्यार्थी व्हिसावर शिकत आहे. एकाच स्पर्धेत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशी तीन शस्त्रे वापरण्याचा ‘मल्टिगन’ हा प्रकार त्याने मित्रांबरोबर पाहिला आणि आता त्याला त्यात उतरायचे आहे. शस्त्रे व इतर सामानासाठी तो पैसे मागतो आहे. शिक्षण संपल्यावर हे सगळे मुंबईला आणून येथे सराव करीन, असेही म्हणतो. कोणती शस्त्रे घ्यावीत? — एक पालक, विलेपार्ले

उत्तर : पैसे तूर्त पाठवू नयेत, आणि याचे कारण खर्च हे नव्हे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी नागरिकाला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या नियमाला अपवाद आहेत आणि एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना हा त्यांतला सर्वांत परिचित अपवाद. परंतु तो आपल्या मुलाला लागू पडतो की नाही, हे त्याने दुकानदाराला किंवा मित्रांना न विचारता तेथील वकिलाला विचारावे. ‘बंदूक माझी नाही, मित्राची आहे’ ही सबब टिकणारी नाही, कारण कायद्याचा रोख मालकीवर नसून ताब्यावर आहे. यात चूक झाली तर पदक राहील बाजूला, व्हिसाच धोक्यात येईल.

मुंबईला सामान आणण्याचा विचार त्याने आजच सोडून द्यावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली २०१६ मध्ये जे नियम झाले, त्यांत सैन्याचे ९ मिलिमीटरचे काडतूस ज्यात बसते असे पिस्तूल, बहुतेक स्वयंभरणी (म्हणजे बार उडाल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफली आणि २० इंचांपेक्षा आखूड नळीची बिनआट्यांची बंदूक, म्हणजे नळी आतून गुळगुळीत असलेली शॉटगनसारखी बंदूक, ही प्रतिबंधित वर्गात मोडतात. मल्टिगनमधले सर्वांत प्रचलित पिस्तूल आणि सर्वांत प्रचलित रायफल नेमकी याच वर्गातली आहे. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर खेळले जातात ते ऑलिंपिकच्या धर्तीचे प्रकार : १०, २५ आणि ५० मीटर, तसेच उडत्या तबकड्या टिपायचे ट्रॅप आणि स्कीट. येथे ‘थ्री’ (थ्री-पोझिशन) म्हटले की तीन बंदुका नव्हेत, तर एकाच रायफलीने गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून साधायचे तीन पवित्रे समजले जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात.

एक सूचना मुलाला आजच कळवा. रेंजवर न्यायची बॅग आणि प्रवासाची बॅग या कायम वेगळ्या असाव्यात. खिशाच्या शिवणीत अडकून राहिलेले एकच काडतूस मुंबई विमानतळावर सापडले, तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ताबा जाणीवपूर्वक नव्हता असा बचाव न्यायालये मान्य करतातही, पण तोवर सुट्टी, तिकीट आणि आईवडिलांची झोप ही तिन्ही गेलेली असतात.

आता कायद्याचा अडसर दूर झाला, किंवा पुढेमागे मुलाला ग्रीन कार्ड मिळाले, असे धरून निवडीकडे वळतो. नवखा माणूस आधी बंदूक निवडतो आणि मग ती कोणत्या विभागात बसते ते शोधत फिरतो. हे म्हणजे दाराची उंची न मोजता कपाट घेऊन येण्यासारखे झाले. मल्टिगनमध्ये विभाग ठरतात ते सामानावरून. त्यांची नावे आणि मर्यादा आयोजकागणिक थोड्या बदलतात, तरी ढोबळ रचना अशी की ‘ओपन’मध्ये जवळजवळ सर्व सोयी चालतात, ‘टॅक्टिकल’मध्ये परंपरेने फक्त रायफलीवर एक दुर्बीण चालते, ‘लिमिटेड’मध्ये रायफलीवरही वस्तू मोठी करून न दाखवणारेच साधन लागते आणि ‘हेवी मेटल’मध्ये .३०८ ची रायफल, .४५ चे पिस्तूल आणि हाताने मागेपुढे ओढून भरायची पंप शॉटगन असा जड संसार असतो. नवख्याने टॅक्टिकल धरावे, कारण त्यात स्पर्धक पुष्कळ असतात, सामान सहज मिळते आणि अडल्यास शेजाऱ्याचे मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरलेली डबी, आपल्याला चालते. ओपनमध्ये पैसा भराभर जिरतो. त्या मानाने वेळ वाचत नाही.

तीन शस्त्रांपैकी सर्वाधिक विचार शॉटगनचा करावा, आणि नेमके येथेच बहुतेक जण रायफलीच्या देखणेपणावर भाळतात. रायफल आणि पिस्तूल यांचे मॅगझिन एका झटक्यात बदलता येते. टॅक्टिकलमधल्या शॉटगनची काडतुसे मात्र नळीखालच्या पोकळ नळकांड्यात, घड्याळ चालू असताना, हाताने सरकवावी लागतात. म्हणून १२ बोअरची स्वयंभरणी शॉटगन घेताना तिचा आवाज किंवा तिचे नाव पाहू नये. काडतूस आत सरकवण्याची खाच पुरेशी रुंद आहे का आणि तिच्या कडा अंगठा सोलणार नाहीत अशा गुळगुळीत आहेत का, हे पाहावे. अनुभवी स्पर्धक कमरेच्या पट्ट्यावरून दोन-दोन किंवा चार-चार काडतुसे एका मुठीत उचलून भरतात. ही हातोटी नकली काडतुसांवर शेकडो वेळा घोटावी लागते आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. नळीच्या तोंडाशी बसणारे, छर्ऱ्यांचा फैलाव आवळणारे चोक हलके आणि मध्यम असे दोन असले तरी सुरुवातीला भागते. अखंड शिशाची गोळी, म्हणजे स्लग, आपल्या नळीतून नेमकी कोठे लागते हे कागदावर आधी पाहून घ्यावे. छर्रे जेथे जातात तेथेच स्लग जाईल असे मुळीच नाही.

रायफल .२२३ ची, १६ किंवा १८ इंच नळीची आणि तिच्यावर एकपट ते सहापट वाढवणारी दुर्बीण, ही जोडी रूढ आहे आणि रूढ असण्याला कारण आहे : त्याच फेरीत एक निशाण दहा पावलांवर आणि दुसरे दोनशे-तीनशे यार्डांवर असू शकते. दुर्बीण नळीच्या सुमारे अडीच इंच वर बसते, त्यामुळे अगदी जवळच्या निशाणावर गोळी नेम धरल्या जागेच्या तेवढीच खाली लागते. हे ठाऊक नसलेले स्पर्धक लांबची निशाणे टिपतात आणि नाकासमोरचे चुकवतात. पोलादी गाभ्याच्या गोळ्यांना बहुतेक ठिकाणी बंदी असते आणि लोहचुंबक लावून तपासणीही होते, म्हणून स्वस्त मिळाली म्हणून पेटीभर काडतुसे घेऊन ठेवू नयेत.

पिस्तुलाबाबत फार खल नको. पूर्ण आकाराचे, हाताला बसणारे आणि ज्याची मॅगझिने सर्वत्र मिळतात असे ९ मिलिमीटरचे कोणतेही पिस्तूल चालेल. खरा खर्च होल्स्टर (कमरेला पिस्तूल अडकवायचे म्यान) आणि पट्टा यांवर करावा. चाप पूर्ण झाकणारे, धावताना व गुडघ्यावर बसताना पिस्तूल न सोडणारे होल्स्टर हवे. या खेळात नळी कोणत्याही क्षणी १८० अंशांच्या रेषेमागे, म्हणजे निशाणांची बाजू सोडून स्पर्धकाच्या पाठीमागे, वळली, किंवा पिस्तूल हातातून वा होल्स्टरमधून जमिनीवर पडले, तर स्पर्धकाला तत्काळ बाद करून घरी पाठवतात. तेथे गयावया चालत नाही आणि चालूही नये.

तोवर मुलाने काय करावे? स्पर्धेच्या दिवशी निशाणे पुन्हा उभी करायला आणि भोके बुजवायला मदतनीस नेहमीच हवे असतात. बंदुकीला हात न लावता तो दिवसभर तीस-चाळीस स्पर्धकांच्या पट्ट्यांवर काय आहे आणि कोणाचे काय अडते आहे हे जवळून पाहू शकेल. अशा दोन दिवसांनंतर त्याने मागितलेली यादी बहुधा निम्मी होईल.

प्रश्न : मी .२२ रायफलीने सराव करतो. कानात फोमचे बोळे पुरेत का? — गिरगावचे एक वाचक

उत्तर : उघड्या रेंजवर, बोळे नीट बसले असतील तर पुष्कळ अंशी पुरतात, पण नीट बसवणारे थोडे. बोळा बोटांत बारीक वळून, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर ओढून आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवावा. बंदिस्त रेंजवर मात्र बोळ्यांवर इअरमफही चढवावेत, कारण रायफलीच्या बाराचा क्षणिक आवाज १४० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून वर जातो आणि भिंती तो परत फेकतात. दोन्हींवर छापलेल्या आकड्यांची बेरीज करू नये; दुसऱ्या आवरणाने सुमारे पाचच डेसिबलची भर पडते. (हेच बोळे ढोल-ताशा पथकातही घालावेत. तेथे तर ते कोणी घालताना दिसत नाही.)

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी ठाण्यातील एका केंद्रात तीन महिने एअर रायफल चालवते आहे. परदेशी रायफल आणि अंगावरचा पूर्ण पोशाख लगेच घ्या, असे केंद्रातून सांगतात. परवाना लागेल का? — एक आई, ठाणे

उत्तर : ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या रायफलीची शक्ती याच्या निम्म्याहूनही कमी असते. तरीही खरेदीची पावती आणि संस्थेचे ओळखपत्र पेटीत ठेवावे; लोकलमध्ये लांब पेटी दिसली की प्रश्न विचारला जातो आणि विचारलाही जावा.

घाईविषयी माझे मत स्पष्ट आहे : एक वर्ष थांबा. १० मीटर एअर रायफलच्या निशाणावरील दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे सामानाचा प्रभाव मोठा असतो हे खरे. पण मुलीचे खांदे, हात आणि मान वर्षभरात इतकी बदलतील की आज मापाने शिवलेले जाकीट पुढच्या दिवाळीला तोकडे पडेल. जाकिटाचे कापड २.५ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही आणि त्याचा ताठरपणाही स्पर्धेपूर्वी यंत्रावर मोजतात, त्यामुळे दुसऱ्याचे ढगळ जाकीट आवळून घालण्याची युक्तीही चालत नाही. म्हणून तूर्त बूट आणि हातमोजा एवढेच स्वतःचे घ्या, रायफल केंद्राचीच वापरा. अंजली भागवत यांची सुरुवात दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीच्या रायफलीवर झाली, हेही ध्यानात असू द्या.

पुढे रायफल घ्याल तेव्हा वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे म्हणून तेवढी जड घेऊ नका. हलकी, आणि दस्त्याची लांबी, गालाची पट्टी व खांद्याची टेकण सरकवता येईल अशी घ्या, म्हणजे मुलीबरोबर रायफलही वाढेल. जुनी मिळत असेल तर अवश्य पाहा, पण आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. त्याचे आयुष्य साधारणपणे दहा वर्षे मानले जाते आणि मुदत टळलेले सिलिंडर घेऊन स्पर्धेला जाता येत नाही. पेलेट, म्हणजे एअर रायफलीच्या शिशाच्या बारीक गोळ्या, सपाट तोंडाचे लागतात आणि एकाच नावाच्या दोन डब्यांतही फरक पडतो, म्हणून रायफल स्थिर टेकवून, कागदावर भोकांचा सर्वांत घट्ट झुबका देणारा डबा निवडायचा असतो. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात घामाने ओले जाकीट बॅगेत कोंबून ठेवले तर चौथ्या दिवशी बुरशी धरते. घरी आल्याबरोबर ते रुंद हँगरवर पंख्याखाली टांगावे, उन्हात मात्र टाकू नये.

तिला एअर पिस्तूलही एकदा हातात देऊन पाहा. पोशाखाचा खर्च जवळजवळ नाही. मात्र मूठ तिच्या तळव्याची हवी आणि दीड किलोपर्यंतचे वजन एका हाताने उचलून धरायचे असल्याने मनगट बळकट होईपर्यंत बारांची संख्या कमीच ठेवावी लागते.

प्रश्न : कुडाळजवळच्या गावी वडिलांची शेतीसंरक्षण परवान्याची १२ बोअर दुनळी आहे. वडील मागील वर्षी वारले. ती बंदूक मुंबईला आणून ट्रॅप नेमबाजी सुरू करावी असा विचार आहे. — लालबागचे एक वाचक

उत्तर : परवाना वडिलांच्या नावाचा होता आणि तो त्यांच्याबरोबर संपला. बंदूक आज घरात असेल तर ती विनापरवाना आहे, म्हणून प्रथम ती गावच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारस म्हणून स्वतःच्या नावे अर्ज करावा. आपण मुंबईत राहत असल्यास अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. गावी राहणाऱ्या भावाने करायचा तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. शेतीसंरक्षणाचा परवाना ठरलेल्या क्षेत्रासाठी आणि ठरलेल्या कामासाठी असतो. वडील हयात असते तरीही त्या बंदुकीवर मुंबईत खेळता आले नसते.

खेळाच्या दृष्टीनेही ती बंदूक या कामाची नाही. ट्रॅपची तबकडी अवघी ११० मिलिमीटर व्यासाची असते आणि ती समोरून दूर, वर चढत जाते, म्हणून ट्रॅपची बंदूक एकावर एक नळ्यांची, जड आणि उंच दस्त्याची असते. शेजारी-शेजारी नळ्या असलेली हलकी दुनळी रानडुकराला ठीक आहे. शंभर-सव्वाशे बारांच्या फेऱ्यांत ती खांदा आणि धीर दोन्ही संपवते. याहून महत्त्वाची बाब काडतुसाच्या घराच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या, लांबीची. जुन्या दुनळ्यांचे हे घर पुष्कळदा अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते, तर स्पर्धेची काडतुसे ७० मिलिमीटरची. लांब काडतूस अशा घरात सहज बसते आणि धोका त्यातच आहे, कारण त्याचे दुमडलेले तोंड बार उडताना पूर्ण उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. नळीखालच्या बाजूस कोरलेले आकडे जाणत्या बंदूक दुरुस्तीकाराकडून वाचून घेतल्याशिवाय तिच्यात नवे काडतूस घालू नये.

वडिलांची आठवण म्हणून बंदूक ठेवायची असेल तर अर्जात वारसा हेच कारण द्यावे आणि ट्रॅपसाठी आधी संस्थेच्या बंदुकीवर शिकावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, तेव्हा दुसरी जागा कशाला द्यायची हे ठरवण्याची घाई नाही. आणि माळ्यावर, बहुधा पत्र्याच्या डब्यात, जुनी काडतुसे असतील. ती खाडीत टाकू नका किंवा होळीत घालू नका. मोजून, लिहून, बंदुकीबरोबरच जमा करा आणि पावतीवर त्यांची संख्या नमूद झाली आहे का ते पाहा.