आधी पेनड्राइव्ह, मग बॉण्ड

प्रश्न : माझं वय ३५. सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी ९ वर्षं तंत्रज्ञ होते. रात्री जागून प्रोग्रामिंग शिकले आणि १७ महिन्यांपूर्वी पुण्यात हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत डेव्हलपर म्हणून लागले. २ वर्षांचा बॉण्ड आहे, आधी सोडलं तर २ लाख रुपये भरायचे. मूळ पदवी प्रमाणपत्र आणि सही केलेले २ कोरे चेक कंपनीकडे आहेत. नोकरी सोडल्यावर २ वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही, असंही करारात आहे. मी घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर छोट्या लॅबसाठी रिपोर्टचं सॉफ्टवेअर तयार केलं आहे. त्यातला बिलिंगचा भाग कंपनीच्या कोडमधून पेनड्राइव्हवर आणला होता. ओळखीच्या दोन लॅब ते फुकट वापरून बघत आहेत. आता आतेभावाबरोबर व्यवसाय सुरू करायचा आहे. बॉण्ड मोडला तर मी अडकेन का?

उत्तर : तुम्ही बॉण्डबद्दल विचारलंत आणि पेनड्राइव्हचा उल्लेख ओघात केलात. माझी झोप उडाली ती त्या पेनड्राइव्हमुळे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बॉण्डचं भांडण दिवाणी आहे. फार तर पैशांचा दावा होईल. पण मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या कॉम्प्युटरमधला डेटा कॉपी करणं, सोर्स कोड उचलणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. ते अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं, तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा हेतू वाईट नव्हता यावर माझा विश्वास आहे, पण तो पोलीस ठाण्यात आणि कोर्टात पटवून देण्याची वेळ तुमच्यावर का यावी?

तेव्हा दोन्ही लॅबमधलं सॉफ्टवेअर आजच बंद करा. खऱ्या रुग्णांची नावं, मोबाइल नंबर तुमच्याकडे आले असतील तर लॅबच्या संमतीने ती माहिती काढून टाका. बिलिंगचा तो भाग पुढे कुठेही वापरू नका, आतेभावाला पाठवू नका. मात्र पेनड्राइव्ह घाबरून फॉरमॅटही करू नका. उद्या तक्रार झालीच तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका बसेल. जवळच्या वकिलाला तो दाखवा आणि त्यांच्या सल्ल्यानेच पुढचं ठरवा. बिलिंग नव्याने लिहून घ्या, शक्यतो ज्याने कंपनीचा कोड पाहिलेला नाही अशा माणसाकडून. बिलावर कर कसा लावायचा, ही पद्धत कुणाच्या मालकीची नसते. कॉपीराइट असतो तो लिहिलेल्या कोडवर.

उरलेला, तुम्ही स्वतः लिहिलेला कोड कुणाचा? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. रात्री, स्वतःच्या लॅपटॉपवर, नेमून न दिलेलं काम केलं, ही तुमची बाजू चांगली आहे. पण ‘नोकरीच्या काळात या क्षेत्रात जे काही बनवाल ते कंपनीचं’ अशी ओळ नेमणूकपत्रात अनेकदा असते. ती आहे का, हे आधी शोधा. असेल तर जुन्या कोडचा मोह सोडा आणि नोकरी संपल्यावर कोऱ्या फाइलपासून सुरुवात करा. नमुन्याला नंबर कसा पडतो, रिपोर्ट कुठे अडकतो, डॉक्टरांची सही कशासाठी थांबते, हे तुम्ही सांगलीत ९ वर्षांत शिकलात. ते ज्ञान या कंपनीने दिलेलं नाही आणि ते तिला परतही मागता येणार नाही.

आता २ वर्षांची बंदी. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ सांगतं की, कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. कृष्ण मुरगई यांनी नोकरी गेल्यावर त्याच प्रकारचा स्वतःचा व्यवसाय काढला, तेव्हा त्यांना मनाई करायला सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली नकार दिला. मात्र १९६७ चा गोलिकरी खटलाही लक्षात ठेवा. कल्याणच्या कारखान्यातले गोलिकरी ५ वर्षांचा करार अर्धवट टाकून दुसरीकडे लागले. तिथे उरलेल्या मुदतीपुरती मनाई सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तुमच्या बॉण्डचे ७ महिने बाकी आहेत. म्हणजे धोका आहे तो या ७ महिन्यांत. त्यानंतरची २ वर्षांची अट तुम्हाला रोखू शकेल असं मला वाटत नाही. कंपनीच्या ग्राहकांची यादी आणि दर मात्र कायमचे गोपनीय समजा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : ७ महिने काढा. २ लाखांसाठी नाही, निर्धास्त बाहेर पडता यावं म्हणून. ते शक्यच नसेल तर रीतसर नोटीस देऊन लेखी तडजोड करा. नोकरीवर राहाच अशी सक्ती कोर्ट करत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार २ लाख ही कमाल मर्यादा आहे. त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा २ लाखांचा बॉण्ड वैध ठरवला, पण तिथे सरकारी बँकेच्या जाहीर भरतीचा खर्च आणि गैरसोय हा मोठा मुद्दा होता. तुमच्यावर खरंच किती खर्च केला, हा प्रश्न तुमच्या कंपनीला विचारता येईल.

प्रमाणपत्र अडवून ठेवण्याचा हक्क कंपनीला नाही. ईमेलने लेखी मागा. नाही दिलं तर वकिलाची नोटीस. चेकच्या बाबतीत जास्त सावध राहा. कोरा असला तरी सही तुमची, त्यामुळे तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा आधी गृहीत धरतो आणि ते खोडण्याचं ओझं तुमच्यावर येतं. चेकचे नंबर लिहून ‘हे नोकरी लागताना तारण म्हणून कोरे घेतले, माझ्याकडे कोणतंही देणं नाही’ असं आताच कळवून ठेवा. नुसतं पेमेंट थांबवून सुटका होत नाही. चेक परत गेल्याची नोटीस आलीच तर पैसे भरायला १५ दिवस असतात. त्याच मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या.

आतेभावाबद्दल थोडक्यात. साध्या भागीदारीत त्याने धंद्यासाठी काढलेल्या कर्जापायी तुमचं घरही पणाला लागू शकतं, म्हणून एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करा. सेवा व्यवसायाला साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. कोड तुम्ही लिहिणार असाल तर तो एलएलपीच्या नावावर करायचा की फक्त वापरायला द्यायचा, हे कागदावर आणा. हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो. हा कागद एलएलपीच्या नोंदणीच्या आधी करा, भाऊबहिणीचं गोडीगुलाबीत चाललेलं असतानाच.